बाळाच्या पायातला सेन्सर: घ्यायचा का, बांधायचा कसा, आणि वाजला तर काय करायचं

इंदूरच्या मराठी घरांत हल्ली बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपट्यांबरोबर एखादा असा मोजाही येतो, ज्याला चार्जिंग लागतं. पुण्याची आत्या कुरिअरने पाठवते, नाहीतर न्यू जर्सीचा काका बॅगेतून आणतो. मग सुदामा नगरातून किंवा लोकमान्य नगरातून कुणाचा तरी फोन येतो, "दादा, हे बांधायचं कसं? आणि रात्री वाजलं तर?" माझं काम नर्सिंग होममधले मॉनिटर आणि वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारी यंत्रं, सांभाळण्याचं, मी डॉक्टर नव्हे. पण यंत्र काय मोजतं आणि कुठे फसतं हे रोज बघतो. म्हणून हे पहिल्या खेपेच्या आईबाबांसाठी, आणि घरातल्या आजी-आजोबांसाठी तर नक्कीच, कारण रात्री दोनला पहिली जाग त्यांनाच येते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सेन्सर कोणता घेतला यापेक्षा तो वाजल्यावर पहिल्या दोन मिनिटांत घरातलं कोण काय करणार, हे ठरलेलं असणं मोलाचं. ते ठरलेलं नसेल तर मोजा कितीही महाग असो, तो फक्त झोप उडवतो.

खरेदीच्या आधी: डॉक्टरांना नेमकं विचारा

"सेन्सर घेऊ का?" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम मिळतं. डिस्चार्जच्या दिवशी, कार्ड हातात असताना, तीन गोष्टी विचारा. आमच्या बाळाचं काय मोजायचं: तापमान, ऑक्सिजन की श्वास? आकडा कितीच्या खाली किंवा वर गेला की काळजी करायची? आणि रात्री कुणाला फोन करायचा? उत्तरं कार्डाच्या मागे लिहून घ्या. डॉक्टरांनी स्वतःच लिहून दिली तर उत्तम.

बाळ पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं, दूध नीट ओढतंय, तर बहुतेक डॉक्टर "गरज नाही" म्हणतील, आणि ते कंजूषपणाने म्हणत नसतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी करण्यासाठी घरगुती मॉनिटरवर विसंबू नये. धोका कमी करतं ते उताणं निजवणं, घट्ट सपाट गादी, तोंडाजवळ उशी-दुलई-खेळणी नसणं आणि खोलीत धूम्रपान नसणं. यातल्या एकालाही बॅटरी लागत नाही.

गरज पडते ती वेगळ्या बाळांना. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेली, अडीच किलोंपेक्षा कमी वजनाची, घरी ऑक्सिजनवर सोडलेली, हृदयाचा दोष असलेली. यांच्यासाठी काय घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील आणि ते बहुधा ऑनलाइन जाहिरातीत दिसणारं खेळणं नसेल.

कोणता सेन्सर काय मोजतो

पहिला प्रकार पायात घालायच्या मोज्याचा किंवा पट्टीचा. यात पल्स ऑक्सिमीटर असतो: एक लाल आणि एक इन्फ्रारेड दिवा, समोर प्रकाश टिपणारा डोळा. रक्तात ऑक्सिजन किती भरलाय यावर दोन्ही प्रकाश कमीजास्त शोषले जातात आणि त्यावरून टक्केवारी निघते. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. आज दवाखान्यातलं मोठं यंत्र असो की मोजा, तत्त्व तेच.

पण तत्त्व तेच म्हणून अचूकता तीच, असं मात्र नाही. २०१८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात दोन घरगुती उपकरणांची रुग्णालयातल्या मॉनिटरशी केलेली तुलना छापून आली. एकाने बाळांचा कमी झालेला ऑक्सिजन बऱ्यापैकी पकडला. दुसऱ्याने एकदाही पकडला नाही. दोन्ही बाजारात होती, आणि खोक्यावरून फरक कळण्याची सोय नव्हती.

दुसरा प्रकार लंगोटाला किंवा डायपरला लावायच्या क्लिपचा. ती पोटाची हालचाल टिपते आणि ठरावीक सेकंद हालचाल नसेल तर वाजते. ऑक्सिजनचं तिला काही कळत नाही. आपल्या घरांत हिची मोठी अडचण होते. बाळ आईच्या कुशीत असेल तर क्लिप आईचा श्वास बाळाचा म्हणून मोजते. पाळण्याला झोका दिला, झोळी हलली, तरी तिला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणजे ज्या घरात बाळ पाळण्यात किंवा आईजवळ निजतं, तिथे ती क्लिप जवळजवळ शोभेचीच.

तिसरा प्रकार तापमानाचा, आणि कमी वजनाच्या बाळासाठी मला हाच सर्वांत कामाचा वाटतो. बेंगळुरूच्या बेंपू कंपनीने मनगटावर बांधायचं एक कडं काढलं: तापमान ठीक असेल तर निळा दिवा लुकलुकतो, बाळ गार पडलं की नारिंगी दिवा आणि बीप. ना ॲप, ना वायफाय. दिवा बघून आजीलाही कळतं आणि आठ वर्षांच्या ताईलाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, भिंती गार पडतात, आणि दोन किलोंचं बाळ अंगातली ऊब किती भराभर गमावतं याचा घरच्यांना अंदाजच नसतो.

चौथा प्रकार अजून दुकानात मागायला जाऊ नका. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने त्वचेसारख्या मऊ, बिनतारी पट्ट्या बनवल्या. एक छातीवर, एक पायाला. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांचं काम आलं. बाळाला तारांच्या जंजाळातून सोडवून आईच्या छातीशी धरता यावं, हा त्यामागचा विचार. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, तारा सोडवत बसलेल्या नर्सबाई बघितल्या की त्याची किंमत कळते.

घेताना

दवा बाजारात जा किंवा ऑनलाइन बघा, खोक्यावर परवाना क्रमांक शोधा. भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे आहेत. इथे बनलेल्या उपकरणाच्या परवान्याची सुरुवात बहुधा 'एमएफजी/एमडी' अशी आणि आयात केलेल्याची 'आयएमपी/एमडी' अशी असते. असं काहीच नसेल आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'वैद्यकीय उपयोगासाठी नाही' लिहिलं असेल, तर ते खरंच मानून चाला.

परदेशातून आलेल्या भेटीबद्दल जरा सविस्तर, कारण फोन याबद्दलच येतात. प्रसिद्ध मोजा आउलेट कंपनीचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, वैद्यकीय मंजुरीशिवाय तो विकल्याबद्दल कंपनीला ताकीदपत्र दिलं आणि कंपनीने तिथली विक्री थांबवली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या 'ड्रीम सॉक'ला मंजुरी मिळाली, पण कुणासाठी? १ ते १८ महिन्यांच्या, साधारण २.७ ते १३.६ किलोंच्या, निरोगी बाळांसाठी. म्हणजे ज्या पहिल्या महिन्यात आपला जीव सर्वांत टांगणीला लागलेला असतो तो महिना त्यात नाही, आणि ज्या कमी वजनाच्या बाळासाठी आपण धावपळ करतो तेही नाही. काकांना हे प्रेमाने सांगा आणि मोजा महिनाभर कपाटात ठेवा.

बाकी प्रश्न साधे: ॲप भारतात चालतं का, चार्जर आपल्या २३० व्होल्टला चालतो का, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार. मोठ्यांचा बोटाला लावायचा, करोनात घेतलेला ऑक्सिमीटर मात्र नवजात बाळाला लावू नका. बाळाच्या बोटात दिवा आणि डोळा समोरासमोर बसतच नाहीत. येणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो आणि घरभर घबराट होते.

बाळाला बांधण्याआधी घराची तयारी

खोकं बारशाच्या गडबडीत उघडू नका. शक्य झालं तर बाळ घरी येण्याआधीच सगळं लावून बघा. अशी बरीच उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, आणि राउटर असतो बाहेरच्या खोलीत, बाळंतिणीची खोली शेवटची. दार लावल्यावर सिग्नल पोचतो का ते बघा. वीज गेली की राउटर बंद पडतो. तो इन्व्हर्टरवर आहे का? फोन रात्री 'डू नॉट डिस्टर्ब'वर जात असेल तर त्या ॲपला सूट द्या. अलार्म एकदा मुद्दाम वाजवून घरातल्या सगळ्यांना ऐकवा, म्हणजे रात्री "हा कुकर की मिक्सर?" असा गोंधळ होणार नाही.

फोन बाबांचा आणि बाबा रात्रपाळीला, अशी घरं मी बघितली आहेत. अलार्म त्याच्याच फोनवर हवा, जो बाळापासून दहा पावलांवर झोपतो.

आणखी दोन वस्तू आणून ठेवा, सेन्सर घेतला तरी आणि नाही घेतला तरी: काखेत लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. सेन्सरची उलटतपासणी याच दोघांनी करायची.

बांधण्याची रीत

तेल-मालीश आणि अंघोळ झाली की लगेच मोजा चढवतात, तिथेच पहिली चूक. तेलकट पायावर पट्टी सरकते आणि दिवा डोळ्यासमोरून हलतो. आधी पाय मऊ कापडाने कोरडा करा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. वाळे काढा. मनगटी कडं बांधायचं असेल तर त्या हातातली काळ्या मण्यांची मनगटी दुसऱ्या हातात घाला. आजींची हरकत यायची नाही, नजर तर कुठूनही लागू शकते.

ऑक्सिमीटरची पट्टी असेल तर पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या खाली, दिवा वरून आणि डोळा तळव्याकडून, अगदी समोरासमोर. पट्टी आणि पाय यांच्यात आपल्या करंगळीचं टोक जेमतेम जावं. जात नसेल तर घट्ट झालंय, रक्तप्रवाह अडेल आणि आकडाही खोटा येईल. पाय गार असेल तर आधी तळहातात धरून ऊब द्या. खिडकीतून ऊन थेट पायावर येत असेल किंवा काविळीसाठी दिव्याखाली ठेवलं असेल तर पट्टीवर दुपटं टाका. बाहेरचा प्रकाश डोळ्यात शिरला की यंत्र भांबावतं.

मग आकड्याकडे लगेच बघू नका. आधी नाडीचे पट्टे किंवा लाट बघा. लाट एकसारखी उठतेय, बाळ शांत आहे, दहा-पंधरा सेकंद आकडा स्थिर आहे, मगच तो खरा. बाळ पाय झाडत असताना ८४ दिसलं तर ते बाळाचं नव्हे, लाथेचं माप. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो, हेही ध्यानात असू द्या: आकडा चांगला आणि बाळ वाईट दिसत असेल तर बाळाचं ऐका.

दर तीन-चार तासांनी, दूध पाजायच्या वेळी, पाय बदला. पट्टीखालची कातडी बघा: लाल वळ, फोड, ओलसरपणा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची कातडी फार नाजूक असते. तिथे चिकटपट्टी ओढून काढू नका, पाण्याने भिजवून सोडवा.

पहिले दोन दिवस नुसतं लिहा

वहीत वेळ, आकडा आणि बाळ काय करत होतं ते लिहा. नॉर्मल काय असतं ते एकदा पाठ करा. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइट. ऑक्सिजन ९५ टक्के किंवा जास्त. नाडी जागेपणी मिनिटाला १२० ते १६० च्या आसपास; गाढ झोपेत १०० च्या खालीही जाते, रडताना वर. श्वास मिनिटाला ३० ते ६०.

श्वासाबद्दल थोडं थांबतो, कारण नव्या आईबाबांना सर्वांत जास्त तोच घाबरवतो. नवजात बाळ भराभर काही श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद घेतच नाही, मग पुन्हा सुरू. रंग चांगला असेल तर हे नेहमीचं. २० सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा थांबताना बाळ निळं पडलं, ढिलं पडलं, तर ते नेहमीचं नाही. मोजायचा असेल तर बाळ शांत असताना झबलं वर करून पोट बघा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण मधली थांबणी हिशोबातून निसटते. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. पुन्हाही तेवढेच आले तर डॉक्टर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्याने त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्के घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. तिथे पायात मोजा नव्हता. मोजणारी बाई होती.

वाजला! आता काय

फोन हातात घेऊन ॲप उघडायचं नाही. दिवा लावा आणि बाळ बघा. छाती-पोट हलतंय का? ओठ आणि जीभ गुलाबी आहे का? सावळ्या बाळाची जीभ आणि हिरड्याच बघा, त्या खोटं बोलत नाहीत. हातापायांचे तळवे पहिल्या दिवसांत थोडे निळसर दिसू शकतात. ओठ-जीभ निळी दिसणं मात्र धोक्याचं. हात लावल्यावर बाळ हालचाल करतं का?

बाळ गुलाबी, श्वास चालू, हलतंय: आता पट्टी बघा. सरकली असेल, पाय गार असेल. नीट बसवा, एक मिनिट थांबा. आकडा पुन्हा ठीक आला तर वहीत लिहा आणि झोपा. पट्टी नीट असूनही ऑक्सिजन वारंवार कमी दिसत असेल तर बाळ छान दिसतंय म्हणून सकाळची वाट बघू नका, फोन करा.

बाळ श्वास घेत नाही किंवा निळं पडलंय: एकाने तळव्यांना टिचक्या मारायच्या, पाठ चोळायची, मान सरळ ठेवायची, त्याच क्षणी दुसऱ्याने १०८ लावायचा. बाळाला जोरजोरात हलवायचं नाही, तोंडात पाणी किंवा काहीही घालायचं नाही. कृत्रिम श्वास आणि छाती दाबण्याची पद्धत डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरकडून बाहुलीवर हाताने शिकून घ्या. व्हिडिओ बघून हात बसत नाही.

तापमानाचा अलार्म असेल तर आधी हाताने बघा: हाताची पाठ बाळाच्या पोटाला, मग तळपायाला. दोन्ही ऊबदार, तर ठीक. पोट ऊबदार आणि पाय गार, तर बाळ गार पडू लागलंय. दोन्ही गार, तर घाई करा. मग काखेत थर्मामीटर. ३६.५ च्या खाली असेल तर बाळाचे कपडे काढा, टोपडं आणि मोजे तेवढे ठेवा, आईच्या उघड्या छातीवर पोटाशी पोट लावून ठेवा, वरून शाल. हीच कांगारू पद्धत, १९७८ पासून कोलंबियातल्या बोगोटातून जगभर गेलेली. आई थकली असेल तर बाबांनी घ्यावं, आजोबांनीही घ्यावं. दूध पाजा. तासाभरात वर येत नसेल तर दवाखाना, ३५.५ च्या खाली असेल तर वाट न बघता लगेच, आणि जातानाही बाळ छातीशीच. बाजूला शेगडी ठेवू नका, कोळशाचा धूर बंद खोलीत विष होतो. धुरी देत असाल तर तीही बंद करा.

उलटं, मेमध्ये बाळाला कुंची-दुपट्यात गुंडाळलेलं असतं आणि ३७.८ दिसतं. कपडे सैल करा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. तरीही ३७.५ किंवा वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. ३८ असेल तर तो अर्धा तासही थांबू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तापाचं औषध स्वतःहून द्यायचं नाही.

आणि काही गोष्टी कुठलाच सेन्सर सांगत नाही. दूध ओढणं बंद झालं, झटके आले, श्वास घेताना छातीखाली खड्डा पडतोय, कण्हतंय, तळहात-तळपायापर्यंत पिवळं झालंय, नाळ लाल होऊन पू येतोय, हाक मारूनही मलूल पडून राहतंय. यातलं एकही दिसलं तर ॲपवर सगळं हिरवं असलं तरी निघा. घराजवळचे बालरोगतज्ज्ञ मिळत नसतील तर नवजात विभाग कुठे आहे, इंदूरच्या एमवाय रुग्णालयात की एमटीएच रुग्णालयात, जायचा रस्ता कोणता, हे दिवसाउजेडी बघून ठेवा.

थोडक्यात राहिलेलं

दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात. त्यांना वही दाखवा, वजन करून घ्या. "आमच्याकडे मशीन आहे" म्हणून दारातून परत पाठवू नका.

काही कड्यांत, क्लिपांत बटण-सेल असतो. घरात मोठं भावंड असेल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

ॲपमध्ये बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो भरायची गरज नसते, टोपणनाव चालतं. डेटा कुठे जातो ते वाचा. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, पण 'ॲग्री' आपणच दाबतो.

सेन्सर केव्हा काढायचा तेही पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: अमुक वजन झालं की, अमुक आठवडे भरले की. नाहीतर सहा महिन्यांचं गुटगुटीत बाळ रांगायच्या तयारीत असतं आणि आई अजून रात्री आकडा बघून मगच डोळा मिटते. काढल्यावर तो शेजारच्या वहिनींच्या बाळासाठी द्यायचा असेल तर पट्टी नवी घ्यायला सांगा. एकदाच वापरायचं कडं असेल तर देऊच नका, त्याची बॅटरी काही आठवड्यांचीच असते आणि दुसऱ्या बाळावर ती मध्येच संपेल.